राहून गेलेला अर्ज

माझं माहेर घाटंजीचं. तिथं तहसील कचेरीच्या बाहीर माझा बाप अर्जनवीस होता, म्हनजे लोकायचे अर्ज टाईप करून द्याचा, एक लाकडी टेबल, एक टाईपरायटर आन् वरतं कडूनिंबाची सावली, एवढंच त्याचं हापिस. खेड्यापाड्यातून मानसं येत, कोनाचा फेरफार, कोनाचं रेशनकार्ड, कोनाच्या म्हशीवर वीज पडली त्याची दरखास, बाबा पयले सगळं आयकून घेत, मंग टाईप करत, आन् मंग त्या मानसाले वाचून दाखवत, असंच म्हनायचं हाये ना तुले, असं इचारत. मी शाळेतून आली का त्यायच्या बाजूले बसो. काय सांगू तुमाले, लहानपनची बाहुली मले आठवत नाई पन त्या मशीनचा टकटक आवाज आठवते. मी नववीत होती तवा बाबाच्या डोळ्यात मोतीबिंदू आला, मंग बाबा सांगे आन् मी टाईप करो. बाजाराच्या दिवशी त लय गर्दी राहे, लोक म्हनत अर्जनवीसाची पोट्टी बापापेक्षा फास्ट हाये. मायले नाई आवडे ते. माय म्हने, पोरीच्या जातीले कचेरीपुढं बसवता, लोक काय म्हनतीन. बाबा म्हने, लोक अर्ज घेऊन येतीन, दुसरं काय करतीन.

तर असं माझं शिक्षण. बारावी झाली, मराठी आन् इंग्रजी दोन्ही टायपिंगच्या परीक्षा झाल्या, आन् लगन झालं यवतमाळले. मालक एसटीच्या वर्कशॉपात मेकॅनिक, शांत मानूस, बोलनं कमी, हाताले सदा ग्रीसचा वास. सासू मात्र बोलकी, माझ्या सासूले सही येत नोती, अंगठा लावे, पन तिचं ध्यान सगळीकडं. पेपरात जाहिरात आली ती तिनंच मले आनून दाखवली, म्हनजे शेजारच्या गुरुजीनं तिले वाचून दाखवली आन् तिनं तो पेपर लुगड्यात लपवून आनला. विद्यापीठाचं उपकेंद्र यवतमाळले नवीनच निघालतं. मोठं विद्यापीठ दूर, दुसऱ्या जिल्ह्यात, आमच्या इकडच्या पोरायले तिथवर चकरा माराव्या लागू नये म्हनून हे लहान हापिस, चार खोल्यायचं, तीन टेबलं आन् एक खिडकी. जिल्ह्यातल्या कॉलेजातून परीक्षेचे अर्ज इथं येत, आमी तपासून गठ्ठे बांधून पुढं पाठवो, आन् गुणपत्रिका, पदव्या, दाखले तिकडून इथं येत. त्यायले टंकलेखक पायजे होता. मी म्हनलं, आत्याबाई, पोरगी दीड वर्षाची हाये, तिचं कसं. सासू म्हने, तिचं मी पाहीन, तू तुझं पाह्य. असं म्हनून तिनं मले धाडलं, आन् मी छत्तीस वर्षं तिथंच राह्यली, टंकलेखक म्हनून लागली आन् अधीक्षक म्हनून निघाली.

आमचे पयले अधीक्षक होते वामनराव सायेब. उमरखेडचे. बारीक अंगाचे, चष्मा नाकावर उतरलेला, आन् उन्हाळ्यात बी पूर्ण बाह्यायचा सदरा, वरची गुंडी लावलेली. मले वाटे हा मानूस झोपताना बी गुंडी लावत असन. त्यायनं मले सगळं शिकवलं. टाईप मले येतच होतं, पन टिपणी कशी लिहाची, आवक-जावक रजिस्टर कसं ठेवाचं, कोनत्या कागदाले कोनता कागद लागते, हे सगळं त्यायचं. पयल्याच आठवड्यात मले म्हने, बाई, खिडकीपाशी कोनी आलं का पयले काम इचारू नका, पयले इचारा सकाऊन कितीक वाजता निघाले घरून. मले हसू आलं. म्हनलं हे कायले इचाराचं. ते म्हने, इचारून त पाहा. मंग मी इचारू लागली, आन् काय सांगू, कोनी म्हने पाचला निघालो, कोनी म्हने बैलगाडीनं फाट्यावर आलो, मंग ट्रकात बसलो. मंग त्या मानसाले उद्या या म्हनाले जीभच उठत नोती माझी.

आता जे सांगते ते मी माझ्या पोरीलेबी लय उशिरा सांगतलं. तुमी माझी गोष्ट लिहाले आले त हे बी लिहून घ्या, काही हरकत नाई, आता कोनाचं काही बिघडत नाई.

मले लागून पाचेक वर्षं झाली असतीन. माझी ऑर्डर तात्पुरतीच होती, अकरा महिन्याची, मंग एक दिवस खंड, मंग पुन्हा अकरा महिने. कायम होयाची फाईल वर गेलती, आज येईन उद्या येईन असं चालू होतं. आन् तो परीक्षेच्या अर्जायचा सीझन. मार्च महिना, गठ्ठ्यावर गठ्ठे, टेबल दिसे नाई. पांढरकवड्याच्या कॉलेजचा गठ्ठा माझ्याकडं होता. त्याच्यात एका पोरीचा अर्ज, बीएच्या शेवटच्या वर्षाचा, सुगंधा नावाची पोरगी, तिच्या आधीच्या गुणपत्रिकेवर नाव चुकीचं छापलं होतं, सुंगधा. अनुस्वार एक अक्षर सरकलेला. असं असलं का कॉलेजले फोन करून खरं नाव कोनतं ते इचारून घ्यावं लागे. फोन लागे नाई. मंग म्या तो अर्ज बाजूले काढला, उद्या इचारू म्हनून टेबलाच्या खालच्या खणात ठेवला, आन् बाकीचा गठ्ठा बांधला.

आन् त्याच दिवशी सांजीले घरी गेली त सासू न्हानीत पडलेली. खुबा मोडला. मंग दवाखाना, ऑपरेशन, मालक आन् मी आळीपाळीनं तिच्यापाशी, पोरगी शेजारी. मी दवाखान्यातूनच हापिसात जाओ आन् हापिसातून दवाखान्यात. तो अर्ज माझ्या ध्यानातून गेला तो गेलाच. गठ्ठा पुढं गेला, तो अर्ज खणातच.

मंग एप्रिल लागला, परीक्षा बुधवारी सुरू होनार होती आन् सोमवारी सकाऊन खिडकीपाशी एक पोट्टी आली, संग तिचा बाप. कोलाम लोक, पांढरकवड्याच्या पुढं जंगलाच्या काठाले त्यायचं पोड हाये, म्हनजे त्यायची वस्ती, तिथले. पोट्टी सावळी, उंच, दोन वेण्या घट्ट बांधलेल्या. म्या सवयीनं इचारलं, कितीक वाजता निघाले. पोट्टी म्हने काल दुपारी पोडावरून निघालो, हॉस्टेलात बापाले येऊ देत नाई त रात्री दोघंबी पांढरकवड्याच्या स्टँडवर झोपलो. मंग म्हने, मॅडम, आमच्या वर्गात सगळ्यायचं हॉल तिकीट आलं, माझंच नाई आलं. आमच्या पोडातून बीएपर्यंत आलेली मीच पयली हावो.

आमचा दुसरा कारकून म्हने, कॉलेजनं पाठवलाच नसन अर्ज. कॉलेजले फोन लावला, तिथला कारकून शपथा घ्यायले लागला, म्हने मी माझ्या हातानं गठ्ठ्यात लावला, पाहा तुमी. आमचा कारकून म्हने, असंच म्हनतीन ते, आता काय होते, हिवाळी परीक्षेले बस बाई. ती पोट्टी रडली नाई. एवढंच म्हने का हॉस्टेल मले या परीक्षेपर्यंतच हाये, मंग पोडावरून येनं होत नाई, तिकडं गाडीच नाई. बाप तिचा हातातली पिशवी धरून नुसता आमच्या तोंडाकडं पाहे.

म्या त्यायले बाकावर बसवलं. आन् नाव रजिस्टरमंधी पाहाले बसली तवा ते अक्षर डोळ्यापुढं आलं, सुंगधा. जेवणाची सुट्टी झाली, सगळे उठले, मंग म्या खालचा खण उघडला. अर्ज तिथंच. फोटो लावलेला, सही केलेली, मी जसा ठेवलता तसा.

खरं सांगते तुमाले, खोटं नाई बोलत. त्या घडीले माझ्या मनात आलं का हा कागद पर्समंधी घालावा आन् घरी नेऊन चुलीत टाकावा. कोनाले दिसलं नोतं. कॉलेजवाल्यावरच गेलं असतं सगळं. आन् माझी फाईल वर होती. सासू दवाखान्यात, घरी लेकरू, नोकरी गेली त पुन्हा मिळनार नोती. तो कागद हातात धरून मी कितीक वेळ बसली मले माहीत नाई. खिडकीतून ते दोघं दिसून राह्यलते. बापानं पिशवीतून भाकर काढली, अर्धी पोरीले देल्ली, आन् पोरगी खाय नाई, तिनं पुस्तक काढलं आन् वाचाले लागली. हॉल तिकीट नाई, परीक्षेचा पत्ता नाई, आन् ती वाचून राह्यलती.

मी उठली आन् सायबाच्या खोलीत गेली. सायेब डबा खात होते. म्या अर्ज टेबलावर ठेवला, म्हनलं सायेब, हा माझ्या खणात होता, माझी चूक हाये. सायबानं घास खाली ठेवला, चष्मा वर केला, अर्ज वाचला. रागावले नाई. म्हने, टिपणी टाईप करून आना.

म्या टाईप केली. सासूबाई पडल्या, दवाखान्यात असल्यामुळे अनवधानाने राहून गेला, असं सगळं लिहिलं. सायबानं वाचलं आन् पेन्सिलीनं त्या ओळीखाली रेघ मारली. म्हने, हे काढा. म्या म्हनलं, सायेब, हे खरं हाये. ते म्हने, खरं हाये, पन त्या पोरीच्या कामाचं नाई, तिचं काम एवढंच हाये का अर्ज वेळेत आलता आन् आपल्याकडून राह्यला. मंग म्या दुसरा कागद लावला. अर्ज विहित मुदतीत प्राप्त झाला होता, माझ्याकडून पाठवायचा राहिला, चूक माझी आहे. तीन ओळी. आन् खाली सही केली.

दुसऱ्या दिवशी सकाऊनच्या पयल्या गाडीनं आमी चौघं विद्यापीठात गेलो, सायेब, मी, सुगंधा आन् तिचा बाप. परीक्षा विभागाचे मोठे सायेब लय तापट मानूस. बाप-लेक बाहीर बसले, आमी आत. त्यायनं टिपणी वाचली आन् असे ओरडले का पंख्याचा आवाज आयकू येनं बंद झाला. म्हने कोन हाये ही बाई. म्या म्हनलं, मी हावो. म्हने, याचा परिनाम माहीत हाये काय तुमाले. म्या म्हनलं, माहीत हाये, पन उद्या अकरा वाजता तिचा पेपर हाये. वामनराव सायेब म्हने, सायेब, कारवाई आमच्यावर करा, कधीबी करा, परवानगीचं पत्र मात्र आज द्या. दुपारी तीन वाजता पत्र मिळालं. शाई वाळाची होती अजून, सुगंधानं दोन्ही हातानं धरलं ते.

यवतमाळले आलो, उजेड होता, पांढरकवड्याची गाडी लागलीच होती. चढाच्या आधी तिच्या बापानं पिशवीतून पळसाच्या पानाचा पुडा काढला आन् माझ्या हातात देल्ला, आत टेंभरं, जंगलातली तेंदूची पिवळी फळं. म्या म्हनलं, दादा, नका देऊ, चूक माझीच होती, माझ्याच पायी तुमाले दोन दिवस फिरावं लागलं. तो हसला. दोन दिवसात पयल्यांदा बोलला तो. म्हने, मले माहीत हाये, मोठा सायेब ओरडला ते बाहीर सगळं आयकू आलं. तरी घे.

ती टेंभरं मी दवाखान्यात नेली. सासूले सोलून देल्ली आन् सगळं सांगतलं. सासू म्हने, गोड हायेत. आन् मंग म्हने, नोकरी गेली त गेली, तू बस, खा.

पन नोकरी गेली नाई. मले नोटीस आली, उत्तर देल्लं, एक लेखी ताकीद आली, आन् वर्षभरानं मी कायम झाली. मले वाटलं माझं नशीब. सुगंधा त्या परीक्षेत इंग्रजीत नापास झाली, बाकी सगळे विषय निघाले, मंग हिवाळ्यात तो बी विषय निघाला. एका विषयासाठी ती मावशीकडं राहून आली, गाडी नोती त चालत आली फाट्यापर्यंत. पुढं बीएड केलं, आता आश्रमशाळेत शिक्षिका हाये. पदवी घ्याले आली तवा प्रमाणपत्रावरचं नाव मीच चार वेळा तपासलं.

वामनराव सायेब मात्र त्याच खुर्चीवरून रिटायर झाले. त्यायच्या मागून लागलेले लोक विद्यापीठात सहायक कुलसचिव होऊन गेले, आन् हे तिथंच, त्याच चार खोल्यायत. आमी आपसात म्हनो, सायबाले यवतमाळ सोडाचं नसन. निरोपसमारंभ झाला, शाल-नारळ झालं, आन् ते उमरखेडले आपल्या गावी गेले.

मंग मी हळूहळू वर चढली. कॉम्प्युटर आले, पंचेचाळिशीत शिकली, रडत-पडत शिकली, हापिसातली नवीन पोरं हसत माझ्यावर पन शिकवत बी. मी अधीक्षक झाली तवा पयलं काम काय केलं माहीत हाये, खिडकीच्या बाजूले एसटीचं टाईमटेबल लावलं, उमरखेडची शेवटची गाडी कधी, पुसदची कधी, वणीची कधी, आन् ज्याची गाडी पयले त्याचं काम पयले. गावातले लोक भांडत, म्हनत आमी पयले आलो. म्या म्हनो, तुमी पायी घरी जासान, त्यायले रात काढा लागते.

रिटायर व्हायले दोन वर्षं राह्यलती तवा जुन्या फायली स्कॅन कराचं काम निघालं. धूळ ही एवढी, खोकला, मी पोरायसंग बसून एकेक फाईल पाहो. आन् एका दिवशी माझीच फाईल हातात आली. माझी ती तीन ओळीची टिपणी. आन् तिच्या खाली, मले माहीतच नोतं असं, सायबाच्या अक्षरातला एक कागद, वामनराव सायबाचं ते सरळ उभं अक्षर. त्यायनं लिहिलतं का सदर कर्मचाऱ्याने सासूबाईंच्या शस्त्रक्रियेसाठी रजा मागितली होती, कामाच्या गर्दीमुळे ती मी नाकारली, सबब या चुकीची जबाबदारी माझी समजावी व कर्मचाऱ्यावर कारवाई करू नये. आन् त्याच्या खाली वरच्या सायबाचा शेरा, अधीक्षकांच्या सेवापुस्तकात नोंद घ्यावी.

मी रजा मागतली होती हे मी सोता विसरून गेलती. सायेब नाई विसरले. माझ्या टिपणीतून जी ओळ त्यायनं काढाले लावली तीच त्यायनं आपल्या कागदात लिहिली, आपल्या अंगावर घ्याले. आन् म्हनून ते त्या खुर्चीवरून उठले नाई. एवढी वर्षं एका हापिसात बसलो आमी, एका किटलीतला चहा पेलो, आन् एक शबूद नाई सांगतला त्या मानसानं. माझ्या डोळ्याले धार लागली, पोरं म्हनत, मॅडम, धुळीनं होत असन. म्या म्हनलं हो.

रविवारी मी उमरखेडची गाडी धरली. मालक म्हने, मी येतो संग, आले ते बी. सायेब अंगणात खाटेवर बसलते, ऐंशीच्या वर, कान गेलेले, पन गुंडी लावलेली वरची. बाई, त्यायच्या मिसेस, त्यायनं चहा ठेवला. म्या कानापाशी तोंड नेऊन मोठ्यानं सांगतलं, सायेब, तुमचा कागद वाचला मी, काहून लिहिलं तसं, आन् लिहिलं त मले काहून नाई सांगतलं. पयले त म्हने, मले आठवत नाई. मंग म्हने, बाई, मी रजा देल्ली असती त तुमचं टेबल दुसऱ्याकडं गेलं असतं, त्यानं तो खण उघडला असता, मंग चूक कोनाची झाली. म्या म्हनलं, पन तुमची बढती गेली. ते म्हने, तुमी तो अर्ज हातात घेऊन माझ्या दारात उभ्या राह्यल्या, फाडला असता त मले कळलं बी नसतं. तुमी सांगाले आल्या, मंग मी मांग राहू काय.

मी पाया पडली. कधी कोनाच्या पडली नोती हापिसात, त्या दिवशी पडली. मालक परतीच्या गाडीत यवतमाळ येतपर्यंत माझा हात धरून बसले, एवढ्या वर्षात गाडीत असा हात धरलेला मले त आठवत नाई. पुढच्या वर्षी सायेब गेले. सुगंधाले म्या कळवलं, ती आली होती उमरखेडले, तिच्या शाळेच्या दोन पोरी घेऊन, त्यायले म्हने, या सायबायच्या पायी मी शिकली.

आता माझं काय, तुमी पाहूनच राह्यले. गुडघे दुखते, सासू गेली, मालक रिटायर होऊन बागेत मिरच्या लावते, पोरगी नागपूरले हाये, सुखात हाये. गल्लीतल्या पोट्ट्या अर्ज भराले येते माझ्याकडं, आता सगळं मोबाईलवर, चष्मा पुसून पुसून भरून देते मी. तक्रार कोनाची नाई. मले मानसं चांगली भेटली, इतकी चांगली का कधी कधी वाटे मी कोन अशी लागून गेली. तुमालेबी तशीच भेटो बापा, एवढंच म्हनते.

मागच्या महिन्यात हयातीचा दाखला द्याले बँकेत गेलती, दरवर्षी दिवाळी झाली का जावं लागते, आपन जिवंत हावो हे सांगाले. पायऱ्या चढून दम लागला त बाकावर बसून राह्यली. तिथली नवीन पोट्टी, विशीतली असन, ती आपली खुर्ची सोडून ते अंगठ्याचं मशीन घेऊन माझ्यापाशी आली, खाली वाकली आन् हासत म्हने, काकू, जिवंत आहात ना. म्या म्हनलं, हो माय, जिवंत हावो, आन् खुशीत हावो. ती म्हने, खुशीत लिहाले रकाना नाई काकू. आन् तिनं जिवंत एवढंच लिहून घेतलं.

तुमी दोन्ही लिहा.